सत्र समाप्त झाले आहे

माझ्या मोठ्या बहिणीने आयुष्यात एकच लेख लिहिला आणि तो मी प्रसिद्ध होण्याआधीच नष्ट केला.

ही गोष्ट मी आजवर कुठे बोललेलो नाही. तसा मी मुळातच कमी बोलतो. आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकीट खिडकीत बसून गेल्या वीस वर्षांत माझी एकूण वाक्यं तीनच झाली: "गाडी की माणूस?", "सुटे द्या" आणि "पुढची बोट अर्ध्या तासानं." मनातलं सगळं मनातच. पण आता बावन्न वर्षांचा झालो, छातीत अधूनमधून काहीतरी दुखतं. डॉक्टर म्हणतात गॅस आहे. मला खात्री आहे की तो हा लेख आहे.

बहीण म्हणजे सुमनताई. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका, मुक्काम म्हसळा. लग्न केलं नाही, कारण (तिच्याच शब्दांत) "एवढी पोरं वर्गात असताना घरी आणखी एक कशाला?" निवृत्त झाल्यावर ती एका मराठी संकेतस्थळाची सभासद झाली. तिथे लोक एकमेकांना न भेटता भांडतात. आमच्या गावात त्यासाठी भेटावं लागतं. ताई तिथल्या पाककृती विभागात रमली. लोकांच्या आमट्या वाचून त्यांचं शुद्धलेखन सुधारून द्यायची. आमटीबद्दल अवाक्षर नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये ताई आठ दिवस आमच्याकडे राहायला आली आणि त्याच आठवड्यात त्या संकेतस्थळावर लेखनस्पर्धा लागली. विषय: 'माझी चूक'. मुदत शनिवारी संध्याकाळी सहा.

"मी लिहिणार आहे," ताईने जेवताना जाहीर केलं. "बाळ्या, एक दोनशे पानी वही आण."

इथे मी तोंड उघडलं. तिकिटं संगणकावर छापतो म्हणून घरात मला तज्ज्ञ मानतात (जेट्टीवर कोणी मानत नाही). म्हणालो, "वही कशाला ताई? दोनदा मेहनत! सरळ संकेतस्थळाच्या चौकोनातच टाइप कर. खिडकी उघडी ठेवायची, बंद करायची नाही. झालं!"

आयुष्यात पहिल्यांदाच ताईने माझं ऐकलं. पहिल्यांदाच!

चार दिवस ती एका बोटाने टाइप करत होती. एखादं अक्षर सापडलं नाही की कीबोर्डकडे अशी बघायची की ते बिचारं उभं राहून हजर म्हणेल. शुक्रवारी संध्याकाळी तिने मला हाक मारली. "बाळ्या, लिहून झालं. वाच."

मी पडद्यासमोर बसलो. शीर्षक होतं 'माझी पहिली चूक'. पहिलं वाक्य होतं, 'ही चूक मी आजपर्यंत कोणालाही सांगितली नाही.' तेवढ्यात जेट्टीवरून फोन आला की तिकिटाचं मशीन अडकलंय. मी फोनवर "कागद उलटा घातलास का?" करत फेऱ्या मारल्या, परत आलो आणि उशीर झाला म्हणून सरळ सांगून टाकलं, "वाचला. छान आहे."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "राग नाही ना आला?"

"राग कसला? मस्त जमलंय!"

तिचे डोळे भरून आले. शेजारी माझी बायको सुरेखा कांदा चिरत होती, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता ताई म्हणाली, "मी जरा पडते. पाचला उठून एकदा शेवटची नजर टाकीन आणि पाठवीन. तू कशाला हात लावू नकोस."

ती घोरायला लागल्यावर मला वाटलं, लाइट गेले तर? नेट गेलं तर? बिचारीची चार दिवसांची मेहनत! आपण नुसतं 'जतन करा' दाबून ठेवू. म्हणून प्रेमाने, काळजीने, अगदी हळुवार बोटाने दाबलं.

पान क्षणभर पांढरं झालं. मग तांबड्या अक्षरांत उमटलं:

'आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.'

मी मागे जायचा बाण दाबला. चौकोन होता. आत काही नव्हतं. एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

(सज्जनहो, लेख आधी दुसरीकडे लिहा. वहीत, मोबाइलमध्ये, भिंतीवर, कुठेही. पाठवण्याआधी सगळा निवडून त्याची नक्कल काढून ठेवा. त्या चौकोनावर विसंबू नका. आणि माझ्यावर तर नकोच.)

"सुरेखा!" मी कुजबुजत किंचाळलो. हे जमतं, वेळ आली की जमतं.

सुरेखा आली, तिने पडदा पाहिला, मग मला पाहिलं. "काय केलंव?"

"काही नाही! जतन केलं!"

"मंग कुठं हाय जतन केल्यालं?"

"तेच तर नाही!"

"ताईंना उठवा नि सांगा."

"वेड लागलंय का? परत आत शिरलं की असेल तिथेच कुठेतरी. पासवर्ड काय असेल तिचा?"

आम्ही तिची जन्मतारीख घातली. शाळेचं नाव घातलं. म्हसळा घातलं. शेवटी संकेतस्थळ म्हणालं, पासवर्ड विसरलात का? मग आपण स्वतः निवडलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या: 'आपले आवडते शिक्षक कोण?' संधी तीन.

मी ताईच्या शाळेतल्या गुरुजींचं नाव लिहिलं. चूक. ज्यांनी तिला नोकरीत लावलं त्या साहेबांचं लिहिलं. चूक. सुरेखा म्हणाली, "आपले मामा शिक्षक व्हते ना, त्यांचं टाका." टाकलं. 'आपला आयडी चोवीस तासांसाठी गोठवण्यात आला आहे.'

घड्याळात पावणेचार. लेख गेला, आयडी गोठला, ताई आत घोरत होती, आणि मी अशा ठिकाणी पोचलो होतो जिथून शहाणा माणूस मागे फिरतो. मी ठरवलं की लेख आपणच पुन्हा लिहायचा!

"पण तुम्ही वाचलाव ना? आठवंल की," सुरेखा म्हणाली.

"पहिलं वाक्य वाचलं."

सुरेखाने कपाळाला हात लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

मी डोकं चालवलं. ताई वावरते कुठे? पाककृती विभागात. बाईमाणसाची पहिली चूक कुठली असणार? स्वयंपाकातली! रायगडात स्वयंपाकातली चूक कशात होणार? वालाच्या बिरड्यात! म्हणजे लहान असताना ताईने बिरडं करपवलं असणार. राग आला का, असं मला का विचारलं? तर ते मला खायला लागलं असणार. सगळं जुळलं! (पोलिस खातं माझ्यासारख्या माणसाला मुकलं.)

ताईचा आयडी गोठलेला, म्हणून नवा काढायला घेतला. 'सुमनताई' नाव अर्थातच ताईकडे होतं. मी 'सुमनताई_१' घेतलं. मग आपण यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणून नऊ चित्रं आली: 'होडी असलेले चौकोन निवडा.' मी हसलो. हा पेपर तर माझाच! त्यात एक गाड्या वाहणारी मोठी फेरीबोट होती. आता आम्ही जेट्टीवरची माणसं तिला होडी म्हणत नाही. होडी वेगळी, मचवा वेगळा, फेरीबोट वेगळी. मी फेरीबोट सोडून दिली. 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा सोडली. पुन्हा चूक. वीस वर्षं बोटींवर पोट भरणाऱ्याला होडी ओळखता येत नाही असा निकाल लागला! शेवटी स्वाभिमान गिळून फेरीबोटीवर टिचकी मारली आणि मी माणूस ठरलो.

मग लिहीत सुटलो. 'मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आई शेतावर गेली होती. मी वाल सोलले, चुलीवर पातेलं ठेवलं आणी मैत्रिणीशी खेळायला गेले.' पुढे करपलेल्या वासाचं वर्णन दोन परिच्छेद. मग भाऊ. नऊ वर्षांच्या ताईच्या वेळी मी जन्मलोच नव्हतो हे सुरेखाने दाखवून दिल्यावर ताईला सोळा वर्षांची केली. हात साफ होत गेला तसा भाऊही वाढत गेला: 'माझा धाकटा भाऊ लहानपणापासून अतिशय हुशार, देखणा आणी समंजस. त्याने करपलेले बिरडे हसत हसत खाल्ले आणी मला क्षमा केली.' खरं सांगतो, लिहून झाल्यावर ते वाक्य मी तीनदा वाचलं.

पाचला दहा कमी असताना 'प्रकाशित करा' दाबलं. झाला प्रकाशित! पाच मिनिटांत तीन प्रतिसाद. एक म्हणे, 'डोळ्यांत पाणी आलं.' दुसरीने विचारलं, 'ओलं खोबरं किती घालायचं?' तिसऱ्याने लिहिलं, 'डु. आयडी दिसतोय.' म्हणजे एकाच माणसाचं दुसरं खातं! या तिसऱ्याचं तोंड कसं बंद करावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाळ्या, काय करतोयस?"

"काही नाही! तुझा लेख पाठवला. म्हटलं, तुला झोपू द्यावं."

"बरं केलंस." ताईने स्वतःचा मोबाइल काढला, चष्मा लावला आणि खाटेवर बसून वाचायला लागली. मी दाराकडे सरकलो. दारात सुरेखा उभी होती. ती हलली नाही.

"बाळ्या," ताई म्हणाली, "कोणीतरी माझं नाव घेऊन बिरडं करपवलंय."

"काय सांगतेस!"

"शीर्षक माझं, नाव माझं, पुढे एक आकडा. चोरी आहे ही! मुरूडला जाऊन पोलिसांत तक्रार करते मी. सुरेखा, माझी छत्री दे."

"छत्री न्हाय लागायची ताई," सुरेखा म्हणाली. "चोर घरापासून लांब न्हाय."

मी सुरेखाकडे डोळे वटारले. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने सवयीने केसात खोचलेलं पेन काढलं होतं आणि मोबाइलच्या काचेवर टोपणानेच रेघा मारत होती. "काय हे लेखन! 'आणि'ला दीर्घ णी! इथे दीर्घ. इथेही दीर्घ. चौदा वेळा 'आणी'!" टोपण थांबलं. तिने चष्म्यावरून मान वर केली. "माझ्या उभ्या नोकरीत 'आणि' दीर्घ लिहिणारा, शंभर शंभर वेळा लिहून घेऊनही न सुधारलेला, एकच विद्यार्थी झाला."

मी खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती.

"हुशार, देखणा आणि समंजस?" ताई म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. 'जतन करा', पांढरा चौकोन, पासवर्ड, गुरुजी, साहेब, मामा.

"मामा?" ताई भडकली. "मामा शिकवायचे? झोपायचे वर्गात! आवडत्या शिक्षकाला एवढा विचार कशाला? मी माझंच नाव घातलंय."

"आणि सत्र संपलं म्हणून लेख गेला, ताई. मी नाही घालवला."

"सत्र ऑक्टोबरात संपतं. आत्ता ऑगस्ट आहे. थापा मारू नकोस."

एवढ्यावर सुटलो असं वाटून मी श्वास सोडला. ताईने मात्र मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे लेख तू वाचलाच नाहीस," ती म्हणाली. "काल म्हणालास राग नाही आला. मी रात्री किती वर्षांनी शांत झोपले!"

आता मात्र मला खरंच वाईट वाटलं. लेख गेल्याचं मला इतकं वाटलं नव्हतं. "कशाचा राग, ताई? होतं काय लेखात?"

ताईने पेन पुन्हा केसात खोचलं. "चौथीत मी तुला नापास केलं होतं."

ते खरं होतं. मी चौथीला ताईच्याच वर्गात होतो आणि गणितात नापास होऊन पुन्हा चौथीतच बसलो. (सुरेखाला हे लग्नानंतर सव्वीस वर्षांनी, त्या क्षणी, दारात उभ्या उभ्या कळलं.)

"बहिणीनं भावाला पास केलं असं गावानं म्हणू नये, म्हणून तुझा पेपर मी सगळ्यांत कडक तपासला," ताई म्हणाली. "त्याच वर्षी जूनमध्ये शाळेची रद्दी काढताना पाहिलं, तर तुझी शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलेली. फणस खाऊन पेपरला बसला होतास, चीक लागला होता. ती पानं मी तपासलीच नव्हती, बाळ्या. आणि सांगायला तोंड राहिलं नाही. चार दिवस तेच लिहीत होते."

सुरेखाने पदर डोळ्यांना लावला. मी खुर्चीचा हात धरला. तपासलीच नव्हती! म्हणजे मी ढ नव्हतो! त्या दोन सेकंदांत मी इंजिनिअर झालो, पनवेलला फ्लॅट घेतला आणि जेट्टीवर आलो तो स्वतःच्या गाडीतून, आत एसी लावून, खिडकीतल्या कुणा बिचाऱ्याला तिकीट मागत.

"ताई," मी थोर मनाने म्हणालो, "झालं ते झालं. मी तुला क्षमा केली. लेखाचं काय ते, परत लिहिता येईल."

"आता कशाला लिहू? ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात तिने शेवटचा कधी फिरवला होता मला आठवत नाही.

मी आणखी थोडा वेळ थोर राहायला हवं होतं. पण राहवलं नाही. "त्या पानांवर किती मार्क होते गं? पास झालो असतो ना?"

"छे!" ताई म्हणाली. "मी त्याच दिवशी तपासली की. सगळी गणितं चूक. पण न तपासता शून्य देणं वेगळं आणि तपासून शून्य देणं वेगळं. चूक ती चूकच!"

चौथीच्या एकाच पेपरात बेचाळीस वर्षांच्या अंतराने दोनदा नापास झालेला माणूस तुम्हाला बघायचा असेल, तर आगरदांड्याला या. तिकीट खिडकीत बसलेला असतो. सुटे मात्र मोजून घ्या.