पहिला कागद धरायचा नाही

माझी भाची पळते, असं मी आमच्या छपाईच्या दुकानात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मालकांनी यंत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "कोणाबरोबर?" आपल्या बोलण्याचा हा घोळच आहे. धावते म्हटलं तर कोणी लक्ष देत नाही आणि पळते म्हटलं की सगळे खुर्ची पुढे ओढतात. एकटीच पळते, पहाटे, गोल गोल, आणि परत घरीच येते, असं मी खुलासेवार सांगितल्यावर मालकांचा रस संपला. त्यांनी शाईचा डबा हलवला आणि दहावीच्या प्रश्नपत्रिका काढायला घेतल्या.

आम्ही तिला पळी म्हणतो. हे नाव ती पळायला लागण्याच्या कितीतरी आधीचं. लांब दांडीसारखं अंग आणि वर हे एवढं डोकं, म्हणून पळी. पुढे ती खरंच पळायला लागली तेव्हा लोक मला म्हणायचे, काय दूरदृष्टी हो तुमची. मी ते श्रेय घेत आले आहे.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ताई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. दिवसाला तीनशे चादरी. उभ्याने. त्यामुळे दिवसभर उभं राहायला पैसे मिळतात आणि पळायला मिळत नाहीत, एवढं तिचं क्रीडाविषयक मत पक्कं होतं. भाऊजी बसच्या आगारात मेकॅनिक. ते महिन्यातून दोनदा बोलतात, त्यातलं एक वाक्य मिठाबद्दल असतं. म्हणजे घरात मुलीच्या पळण्याची बाजू घेणारी कोण, तर मी. माझा धावण्याशी संबंध बस सुटण्यापुरता.

सुरुवात शाळेत झाली. सहाशे मीटरच्या शर्यतीला सहा मुली हव्या होत्या आणि पाचच उभ्या होत्या. खेळाच्या सरांनी वर्गात डोकावून खिडकीजवळची पहिली दिसेल ती मुलगी उचलली. ती पळी. पाचवी आली, म्हणजे शेवटून दुसरी, आणि शेवटची होती तिच्या पोटात दुखत होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पळी सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "परत कधी आहे?" सर म्हणाले, पुढच्या वर्षी. तिने विचारलं, "तोपर्यंत काय करायचं?" असा प्रश्न सरांना नोकरीत कोणी विचारला नव्हता.

हे सर मुळात भूगोलाचे. बोलायचा कंटाळा म्हणून सगळा कारभार शिट्टीवर चालवायचे. एक शिट्टी म्हणजे पळा, दोन म्हणजे थांबा, आणि लांबलचक वाजली की कोणीतरी चहा आणायचा. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणत. त्यांना धावण्यातलं कितपत कळायचं हा वादाचा विषय आहे, पण सकाळी साडेपाचला ते मैदानावर हजर असायचे, थंडीत कानाला मफलर बांधून, आणि एवढं करणारा दुसरा माणूस मला गावात माहीत नाही.

बारा वर्षांची असताना ती पहिल्यांदा क्रॉसकंट्रीला गेली. क्रॉसकंट्री म्हणजे शेताडीतून, ओढ्याकाठून, चिखलातून पळायचं. वाटेवर लाल झेंड्या रोवलेल्या असतात, त्या डाव्या हाताला ठेवायच्या. पळीने उजव्या हाताला ठेवल्या. ती परत आली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, आणि एक माणूस टेबलाचे पाय दुमडत होता. तिने त्याला विचारलं, "मी कितवी?" तो म्हणाला, "बाळ, मंडपवाल्यांत पहिली." गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काटे, आणि चेहरा असा की हिला आत्ताच कोणीतरी खेळणं दिलंय. ताईने तिला दारातच उभं करून बादलीने धुतलं आणि धुताना जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी एकतिसावी. त्याच्या पुढच्या वर्षी नववी. पंधराव्या वर्षी तिसरी, आणि त्या दिवशी पाठीमागच्या मुलीचा बूट चिखलात रुतून राहिला होता हे मी मुद्दाम सांगते, कारण शिट्टीसर ते सांगत नाहीत. चिखलात पोरगी सुखी असायची. ट्रॅकचं मात्र तिला वावडं. चारशे मीटरचं रिंगण, परत तेच झाड, परत तेच पाण्याचं पिंप. पंधराशे मीटरला ती तिसऱ्या फेरीतच जांभई देते, असा सरांचा आरोप होता. पण निवड करणारे लोक चिखलावर विश्वास ठेवत नाहीत, घड्याळावर ठेवतात. म्हणून ती तीन हजार मीटर पळू लागली. निदान कंटाळायला सवड तरी भरपूर.

सोळा पूर्ण झाली आणि ताईने निकाल दिला. भाकरी थापावी तसा, सरळ, सावकाश. खेळाडूंचं एक वसतिगृह होतं. राहणं, जेवण, बूट, शिक्षण सगळं तिथलं. दरवर्षी आमच्या भागातून तीन हजार मीटरच्या पहिल्या दोघी घ्यायचे. "दोघींत आलीस तर जा," ताई म्हणाली. "नाही आलीस तर बास. दवाखान्यात मदतनिसांचा वर्ग निघतोय, सकाळी सहा ते दहा. नाव घालते."

पळीने मान हलवली. सहा ते दहा म्हणजे पळणं संपलं, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी ताईला म्हटलं, जरा एक वर्ष थांब. ती म्हणाली, "तू तिच्या बुटांचे पैसे दिलेस म्हणून तिची आई झाली नाहीस." यावर मी दोन दिवस तिच्या घरी गेले नाही.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिघी पहिल्या बसने गेलो. मैदानावर नेहमीचा गोंधळ. उरलेल्या फेऱ्या दाखवायचा आकड्यांचा फलक कुणीतरी मागच्या वर्षी नेला होता आणि परत आणायचं विसरलं होतं. फेऱ्या मोजणारे गुरुजी आलेच नव्हते. शिट्टीसर गोळाफेकीकडे पळता पळता माझ्यापाशी थांबले. "मावशी, तुम्हाला मोजता येतं ना?"

मला हा प्रश्न लागला. एकोणीस वर्षं मी छपाईच्या दुकानात कागद मोजते. पाचशेच्या गठ्ठ्यात एक कमी असेल तर माझ्या अंगठ्याला कळतं. मी पेन्सिल कानावर अडकवली आणि टेबलाशी जाऊन बसले. पुढ्यात कोरा कागद आणि एक पितळी घंटा. काम सोपं. तीन हजार म्हणजे साडेसात फेऱ्या. मुली पलीकडच्या बाजूने सुटतात, अर्धी फेरी मारून टेबलासमोरून जातात, मग सात फेऱ्या उरतात. दर वेळी समोरून जातील तसे छातीवरचे नंबर क्रमाने लिहायचे, आणि एकच फेरी उरली की घंटा वाजवायची. मुलींना मोजायचा दुसरा आधार नाही. ज्यांना डोक्यात मोजता येतं त्या मोजतात, बाकीच्या घंटेची वाट बघतात.

बंदूक वाजली. पलीकडून सगळा घोळका एकमेकींच्या पायांत पाय घालत आला आणि समोरून गेला. मग एकेक सुटी झाली. मी नंबर लिहीत गेले, सुंदर अक्षरात. एक उंच मुलगी पहिली, शेवटपर्यंत तीच. दुसरी एक चष्मेवाली, चष्म्याला मागून रबर बांधलेलं. तिसरी कोणीतरी. पळी चौथी. शेवटाकडे त्या पहिल्या तिघी एकदम जोरात सुटल्या. मला वाटलं, घंटा व्हायच्या आधीच काय ही घाई? पळी मागेच. त्या समोर आल्या तशी मी घंटा वाजवली, आणि त्या तिघींचे चेहरे असे झाले की जणू मी त्यांना शिवी दिली. त्या शेवटच्या फेरीत चष्मेवालीचे पाय गेले. तिसरीचेही गेले. पळी मात्र गाडी स्टॅंडवरून आत्ताच निघाल्यासारखी आली, वळणावर दोघींना टाकलं, आणि दुसरी आली.

ताईने मला मिठी मारली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. घड्याळवाल्यांनी वेळ पाहिली, फार जास्त होती, एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, आज वारा आहे.

चष्मेवाली माझ्या टेबलाशेजारीच गवतावर बसून हुंदके देत होती. "मी मोजलं होतं," ती तिच्या सरांना सांगत होती. "आठ वेळा टेबलासमोरून गेलं की संपतं. आठव्यांदा गेले तेव्हा घंटा वाजली." मी कागद पाहिला.

आमच्या यंत्राचा पहिला कागद नेहमी काळा-डागाळलेला येतो. तो चुरगाळून टोपलीत टाकायचा आणि मोजणी दुसऱ्यापासून सुरू करायची. पहिला कागद धरायचा नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला शिकवलंय. तो पहिला घोळका समोरून गेला, गिचमीड, एकमेकींवर चढलेला, तेव्हा माझा हात पेन्सिलीकडे गेलाच नाही. एकोणीस वर्षांची सवय. मी मुलींना चारशे मीटर जास्त पळवलं होतं.

सरळ सांगते, मी त्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मनात म्हटलं, गेली एक फेरी, कोणाचं काय जळतंय. पळी ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. दमली असेल, असं मला वाटलं.

पण तो चष्मेवालीचा सर थांबेना. "मोजता येत नाही तर घरी बसायचं," तो चार लोकांसमोर तिला म्हणाला. "आठपर्यंत आकडे येत नाहीत आणि निघाली पळायला." पोरीने चष्मा काढून पुसला. तिचं मोजणं अगदी बरोबर होतं. माझ्याच डोळ्यांदेखत, माझ्याच चुकीसाठी, बरोबर मोजणारीला मोजता येत नाही म्हणत होते, आणि ते माझ्याने ऐकवेना. चांगुलपणा वगैरे काही नाही. धंद्याचा संताप.

मुख्य पंच सावलीत केळं खात होते. मी कागद उलगडून समोर ठेवला. त्यांनी शांतपणे केळं संपवलं. "बाई, आता परत पळवायचं का सगळ्यांना?" ते म्हणाले. मग कागद नीट वाचला. "घंटेच्या वेळचा क्रम लिहिलाय की तुम्ही. तोच खरा शेवट." आणि माझ्या सुंदर अक्षरातल्या त्या ओळीवरून निकाल लागला. उंच पहिली, चष्मेवाली दुसरी. पळी चौथी.

परतीच्या बसमध्ये ताई पुढच्या सीटवर बसली, आमच्याकडे पाठ करून. इस्त्री केलेल्या चादरीसारखी ताठ. मागे मी आणि पळी. अर्ध्या वाटेवर मीच म्हटलं, "चुकले गं मी."

"पहिल्यांदा टेबलासमोरून गेलो ना," पळी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेव्हा तुझी पेन्सिल कानावरच होती."

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"सुट्टीत दोन महिने तुझ्या शेजारी बसून कागद लावलेत मी. मला लगेच कळलं, मावशीने पहिला कागद धरला नाही. म्हणजे घंटा एक फेरी उशिरा होणार. म्हणून मी जपून पळाले. त्या तिघी सुटल्या तेव्हा मलाही सुटता येत होतं. पायांत होतं. मी सुटले नाही."

"सुटली असतीस तर दुसरी आली असतीस?"

तिने बराच विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नाही, हे तिच्या आईकडून आलंय. "तिसरी नक्की. दुसरी… माहीत नाही."

"अगं, मग ओरडायचंस ना मला."

"ओरडणार होते. मग वाटलं, सगळ्यांत मलाच ठाऊक आहे, तर बरंच आहे." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि मला वाटलं, तू घंटा वाजवशील तीच शेवटची फेरी ना."

मला रडू आलं. चारचौघांत, बसमध्ये, पदर तोंडात धरून मी रडले. त्या अख्ख्या मैदानात या पोरीने स्वतःच्या पायांपेक्षा माझ्या चुकीवर जास्त विश्वास ठेवला होता, आणि मी ती चूक जाऊन सुधारली होती. पळी पण रडत होती. कंडक्टर तिकिटं विचारायला आला आणि तसाच पुढे गेला.

ताईची पाठ हलली नाही. तिने सगळं ऐकलं होतं. त्या बसमध्ये न ऐकण्याची सोय नव्हती. दोन थांबे गेले. मग ती मागे न वळताच बोलली, धुलाईघरात पाळ्या लावतात त्या आवाजात.

"पुढच्या वर्षी घंटेवर मी बसणार. मावशीला पाणी वाटायला ठेवा."