वळणापुढची सपाटी

मालकांना बसून राहणं म्हणजे शिक्षा वाटायची, आणि जन्म गेला ड्रायव्हरच्या सीटवर. वडूजहून आम्हा कामगारांना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नेणारी एकुलती एक बस त्यांची, चालवायचेही तेच. गाडी उभी असली तरी बोटं स्टिअरिंगवर ताल धरायची. मागच्या सीटवर बसून बसून तो चुळबुळेपणा मलाही लागला.

वाटेत कुणी हात केला की गाडी थांबायचीच. घाटातल्या वळणावर भाजीची पाटी घेऊन आक्का उभी असायची. कोरेगावच्या बाजारापर्यंत ती फुकट यायची. तिच्यासाठी मालक भर वळणात ब्रेक दाबत आणि आम्ही पुढच्या दांड्यावर आपटत असू. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "मानूस उभं दिसल्यावर माझा पाय पुढं जात न्हाई, गड्या."

मग बसचालकांना प्रशिक्षण सक्तीचं झालं. मान्यता मिळाली नाही तर गाडी बंद. वर्गात मालक सारखे उठून खिडकीतून गाडी बघून यायचे म्हणे. परीक्षा घ्यायला आलेले साहेब आमच्या फेरीतच त्यांच्या शेजारी येऊन बसले. वळणावर आक्कानं हात केला, मालक थांबले, आणि मागून उसाचा ट्रक किंचाळत येऊन गाडीच्या अगदी बुडाशी थांबला. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आरशात बघा." मालक नापास झाले. आता एकच संधी उरली होती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी आक्काला वळणावर सोडून गाडी पुढं नेली. आम्ही मागच्या काचेतून तिच्याकडं बघू लागलो. सपाटीवर गाडी कडेला लावून ते उलटे धावत गेले आणि पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन आले. मागून आक्का तोंड सोडत होती, "लय मोठं झालाय व्हय तुमी?"

"शिव्या दे, आक्का, पर हितंच येत जा. त्या दिशी ट्रक थांबला नसता तर माझ्या मायेनंच तुमा समद्यांना मारलं असतं."

मान्यता मिळाली, पण रुसलेली आक्का वडापच्या जीपनं, पैसे मोजून जाऊ लागली. मालक रोज सपाटीवर विनाकारण थांबत, रस्ता बघत, जिवाला चैन नसे. एका सकाळी ती तिथं उभी दिसली. "आता झालो पास," ते म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी तिची पाटी उचलून घेतली.

गेल्या वर्षी मालक अचानक गेले. त्या सकाळी कारखान्यानं दुसरी गाडी पाठवली. आक्का सपाटीवर उभी होती, बातमी तिला कळली होती. नव्या ड्रायव्हरला मी थांबायला सांगितलं, तो थांबलाही. तिनं पाटी उचलली नाही. हातानंच, पुढं जा, अशी खूण केली.