तात्यांनी निजून पाहिलेली घरं

आमच्या तात्यांइतकी घरं साऱ्या पुणे जिल्ह्यात कुणी पाहिली नसतील, आणि आडवं होऊन तर साऱ्या महाराष्ट्रात कुणीच पाहिली नसतील. नव्वदच्या दशकात मी बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात ग्रामसेवक होतो आणि तात्या तिथले उपसरपंच. निम्मं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेल्यामुळे स्वतःचं छप्पर त्यांना फार उशिरा मिळालं. तेव्हापासून दुसऱ्याचं छप्पर दिसलं की त्यांना राहवत नसे. बाजाराला निघालेला हा माणूस, वाटेवरच्या जळोचीत कुणाचा नवा बंगला उभा राहत असला की सरळ आत शिरायचा, पटका उशाला घ्यायचा आणि जमिनीवर पाय पसरायचा. एकदा मालक चिडून धावत आला, तर तात्या पडल्या पडल्या म्हणाले, "घर उभं ऱ्हाऊन बघू न्हाय, निजून बघावं. खिडकी जरा फुडं घ्या, हितं वारंच येत न्हाय." मालकाने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि महिन्याभराने गुपचूप खिडकी पुढं घेतली.

गावाला घरकुलं मंजूर झाली तेव्हा तर त्यांना चेवच चढला. नकाशातली खोली त्यांनी ग्रामपंचायतीच्या फरशीवर खडूनं आखली आणि सहा माणसांचं कुटुंब म्हणून सदस्यांना आत आडवं केलं. शिपायासकट मलाही निजवलं. सरपंचबाई बाई म्हणून वाचल्या. माझे पाय उंबऱ्याबाहेर आले, आणि त्या पायांच्या आधारावर घरापुढं पडवी हवी असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

पण खरी लढाई जागेची होती. कालव्याच्या कडेला पालं टाकून राहणाऱ्या तीस कुटुंबांची ही घरं. वरच्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी रस्त्याजवळची खोलगट जमीन पसंत केली. तात्यांना वरचा माळ हवा होता. "भाद्रपद आहे, तरी जमीन खडखडीत वाळलीय," साहेब म्हणाले. "आज सह्या करा, नाहीतर घरकुलं दुसऱ्या गावाला जातील." सरपंचबाईंनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पालातल्या बायका लांब उभ्या राहून बघत होत्या.

"दुपारपत्तोर थांबा," तात्या म्हणाले, आणि पुतण्याचा कळप घेऊन आले. ऊन तापलं होतं, मेंढरं दमली होती. तरी त्या खोलगटात एक मेंढरू बसेल तर शपथ. पायानं माती उकरायची, हुंगायची आणि पुढं सरकायची. तात्यांनी त्यांना माळावर हाकललं, तर सगळा कळप मुकाट खाली बसून रवंथ करू लागला.

"मेंढरांना काय कळतंय?" साहेब हसले.

"व्हय की. मग तुमी बसून बघा."

साहेब इरेला पेटले आणि त्या खोलगटात, मेंढरांनी उकरलेल्या मातीवर, कडक इस्त्रीच्या विजारीसकट मांडी घालून बसले. उठले तेव्हा मागं भलामोठा ओला गोल उमटला होता. वरची माती वाळलेली, खाली नुसता चिखल! पालातल्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. साहेबही शेवटी हसले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नकाशावर माळाची खूण केली. त्या दिवशी मला ग्रामसेवक असल्याचा जो अभिमान वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही.

घरं झाली. किल्ल्या देण्याच्या दिवशी तात्या एकेका घरात जाऊन निजले, "जमलंय" म्हणून उठले, पुढच्या घरात शिरले. तिसाव्यात त्यांना खरोखरच झोप लागली. ते कुटुंब हंडे-कळशा घेऊन पडवीत बसून राहिलं, त्यांना कुणी उठवलं नाही.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी शहरात फ्लॅट घ्यायला गेलो, तेव्हा बिल्डरसमोरच फरशीवर आडवा झालो. तो घाबरून पाणी आणायला धावला. मी छताकडे बघत बराच वेळ पडून राहिलो, पण मला काहीच कळेना. "जमलंय" म्हणायला तात्या हवे होते.