बेडूक परत पोचवायचा होता

बेडूक म्हटला की तो पाण्यात राहणारा, हे आमच्या दादाचं ज्ञान. तसं ते पुष्कळांचं असतं. पण दादाच्या ज्ञानापायी बाबांचं गावाला जाणं हुकलं, म्हणून मला ते आजही सोसत नाही.

आई गेल्यावर दादानं बाबांना नागभीडकडच्या गावाहून घुग्घुसला आणलं. तो कोळसा खाणीत होता, क्वार्टर मिळालं होतं. मी तिथूनच चंद्रपूरला बी.एस्सी.ला जात होते. बाबांचा सारा जन्म बोडीच्या पाण्यावर धान पिकवण्यात गेला. बोडी म्हणजे मातीची पाळ घातलेला आमच्याकडचा छोटा तलाव. शेत आता चुलतकाका करायचे. उन्हाळा सरत आला, धानाच्या रोपांची लावणी जवळ आली की बाबा दादाच्या मागे लागत, "मले रोवण्याले जाऊ दे." दादाचं उत्तर ठरलेलं. "या वयात चिखलात काय करता? इथी काय कमी आहे तुम्हाले?" कमी काहीच नव्हतं. नळ होता, टेबलपंखा होता. अंगणात मात्र धुम्मसानं ठोकून बसवलेला मुरूम आणि त्यावर कोळशाची धूळ. बाबा तिथे खाट टाकून नुसते बसायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला. कॉलनीतल्या बायांनी धोंडी काढायचं ठरवलं. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधून दारोदार जायचं, प्रत्येक घरानं त्याच्यावर पाणी ओतायचं. सगळं जमलं, बेडूक काही मिळेना. "मी आणतो ना," बाबा म्हणाले. आम्ही बघतच राहिलो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून नवससायास, गंडेदोरे सगळं सोडून दिलेला माणूस! दादा भडकला. "बाबा, तुम्ही काऊन या भानगडीत पडता?" बाबांनी चपला घातल्या आणि सरळ बसस्टँड गाठलं.

दुसऱ्या दिवशी ते मडकं घेऊन परतले. धोतराला पाळीचा चिखल होता आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मडक्यात ओली माती, मातीत गोल, फुगीर, आखूड पायांचा बेडूक. बाबा त्याला 'भुईवाला' म्हणत. वर्षातला बराच काळ तो पाळीच्या मऊ मातीत स्वतःला गाडून घेतो. मी त्याचा मागचा पाय उलटून पाहिला. टाचेपाशी फावड्यासारखा टणक उंचवटा होता. त्यानंच तो मागे सरकत माती उकरतो. बोटांमध्ये पोहायचा पडदा मात्र जेमतेम. कॉलेजच्या सहलीत आलापल्लीच्या जंगलात झाडावरचा बेडूक पाहिला होता, त्याच्या बोटांच्या टोकांना चिकटणाऱ्या टिकल्या होत्या. पाय पाहिला की बेडकाचं घर कळतं. बेडूक कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून ओल सगळ्यांनाच लागते. पण ओल म्हणजे पाणी नव्हे.

धोंडी निघाली. गाठ फार आवळली तर नाही ना, हे बघत बाबा मागे मागे फिरले. संध्याकाळी बेडूक पुन्हा मडक्यात ठेवून म्हणाले, "पाणी पडलं का याले जिथचा तिथी सोडून येतो. भावाले तसं सांगून आलो. मंग रोवणं होतपर्यंत तिथीच राहीन." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धोंडीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. एकदा जायला बेडूक आणि पुन्हा जायलाही तोच बेडूक! काय हुशार म्हातारा, असं वाटून मला हसू फुटलं.

बाबा रोज मडक्यातल्या मातीवर पाणी शिंपडत. शेवटी पाऊस आला. त्यांनी पिशवी भरून ठेवली, सकाळची बस धरायची होती. दादा शिफ्टवरून आला आणि त्याला मडकं दिसलं. बिचारा मातीत घुसमटत असेल, शिवाय म्हाताऱ्याला बसचे धक्के कशाला, म्हणून त्यानं बेडूक क्वार्टरमागच्या सिमेंटच्या हौदात सोडला. दुष्टपणा नव्हता त्यात, मायाच होती. हौदाच्या भिंती गुळगुळीत. उकरायला माती नाही, वर चढायला टिकल्या नाहीत.

सकाळी बाबा आंघोळीचं पाणी काढायला गेले, तर बेडूक पोट वर करून तरंगत होता.

"बेंडूक पाण्यात मरते का?" दादानं मला विचारलं. खरंच विचारलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण रडूच आलं. मग तो बाबांना म्हणाला, "चला, मी सोता नेऊन देतो तुम्हाले गावाले. आत्ता चला."

बाबांनी बेडूक ओंजळीत धरला होता. "आता कायले? भावानं इचारलं त काय सांगू? बुडवून आलो म्हनू?"

पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली. नंतर दादानं कितीदा विचारलं, ते नाही म्हणाले ते नाहीच. पुढच्या रोवण्याआधीच बाबा वारले. दादानं गावाला न्यायला ट्रक केला. रस्ताभर तो त्यांच्या उशाशी बसून सांगत होता, "बाबा, गावालेच चाललो बरं आपण."