सामाईक विहिरीचं पाणी

मी सिंगापूरला, तुआसच्या एका कारखान्यात पाणी तपासते. त्यामुळे गेल्या मे महिन्यात गुहागरजवळच्या घरी गेले आणि बाबांचं पोट सारखं बिघडतंय असं कळलं, तेव्हा आधी विहिरीकडे गेले. विहीर आमची आणि शेजारी राहणाऱ्या सख्ख्या काकांची सामाईक. काकांनी नवा संडास बांधला होता आणि त्याचा शोषखड्डा विहिरीला अगदी लागून, वरच्या अंगाला खणला होता.

निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत नेऊन दिला. पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. मग माणसं लावून गाळ उपसला, ब्लीचिंग पावडर कालवून तिची निवळी विहिरीत सोडली. निघण्याआधी पुन्हा नमुना दिला. पुन्हा तेच.

मी अंगणात काकांना सांगितलं, "काका, खड्डा हलवावा लागेल. नाहीतर विहीर कितीही साफ केली तरी उपयोग नाही."

"याच पाण्यावर वाढलीस तू," काका म्हणाले. "सिंगापूरला गेलीस आणि आता आमची घाण दिसायला लागली."

बाबा शेजारीच बसले होते. ते सुपारी कातरत राहिले. मला काकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

सिंगापूरला यिशुनच्या घरी परतल्यावर मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना विचारायचे, "पाणी उकळता ना?" ते हो म्हणायचे. एका रविवारी बोलता बोलता त्यांनी नुकत्याच शेंदलेल्या कळशीत भांडं बुडवलं आणि माझ्यादेखत प्यायले.

"आजोबा, बॉटलवालं घ्या ना, सो ईझी लाह," माझी मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. बाबा हसले.

मी त्यांच्यासाठी फिल्टर मागवला. तो त्यांनी परत पाठवला, भावाला वाईट वाटेल म्हणून. वर म्हणाले, "त्याला फोन कर. चुकलं म्हण."

"माझं काय चुकलं, बाबा?"

"काही नाही. पण मला इथे राहायचंय."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना एमआरटी स्टेशनवर उभं राहून मी काकांना फोन केला आणि चुकलं म्हणाले. "असू दे," काका म्हणाले, मोठ्या मनाने.

पुढे दिवाळीच्या सुमारास त्यांचाच फोन आला. "घरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवायचंय. कुठलं चांगलं? तुला त्यातलं कळतं."

"आणि बाबांकडे?"

"दादाला चालतं की विहिरीचं."

मी त्यांना योग्य ते मशीन सांगितलं. ते त्यांच्या स्वयंपाकघरात बसलं. खड्डा होता तिथेच राहिला.

त्या रविवारी बाबा खुशीत होते. "बघ," म्हणाले, "शेवटी तुलाच विचारलं ना त्याने."