एक पाय मेडिकल, एक पाय कॉस्मेटिक

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून गाडीपाशी पोचले होते. "विद्याताई, शैलाला ॲम्ब्युलन्सने नेतायत. एकदम धाप लागली तिला... तुम्ही मुग्धाला शाळेतून घ्याल?" एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मुग्धाला घेऊन मी हॉस्पिटलात पोचले, तर तो इमर्जन्सीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, लेकीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच सगळं कळलं. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चाळिशी नुकतीच ओलांडली होती शैलाने. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, पण तिच्याबद्दल लिहायला बसले की अजूनही पहिली आठवते ती तिची चाल... घाईची, किंचित डावीकडे झुकणारी.

न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या अपार्टमेंट संकुलात ते तिघं राहायला आले ते दोन हजार चारच्या सुमारास. शैला नागपूरची. तिकडे एका मुलींच्या शाळेत ती फिजिक्स शिकवायची, आणि वर्गात कधी खुर्चीवर बसायची नाही. बसून शिकवलं तर मुली झोपतात, असं तिचं म्हणणं. त्या उभं राहण्याने आणि नंतर बाळंतपणाने तिच्या दोन्ही पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या होत्या, निळ्या-जांभळ्या, दोरखंडासारख्या. इथे ती मिलिंदच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला मनाई. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या जणी मुलांना घेऊन संकुलातल्या स्विमिंग पूलवर जायचो, तेव्हा ही घोट्यापर्यंतचा स्कर्ट घालून कडेला बसायची. पाय पाण्यात सोडायचीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं तेव्हा तिने स्कर्ट जरासा वर करून दाखवला आणि लगेच खाली सोडला. "संध्याकाळपर्यंत शिसं भरल्यासारखे होतात बघ," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी लेझरने शिरा बंद करायचा सल्ला दिला. काम तासाभराचं, त्याच दिवशी घरी. पण इन्शुरन्स कंपनीची आधी परवानगी हवी, आणि कंपनीने कळवलं की हे उपचार 'कॉस्मेटिक' आहेत, सौंदर्यासाठीचे, म्हणून पॉलिसीत बसत नाहीत. त्या दिवशी शैला माझ्याकडे आली ती संतापाने लालबुंद होऊन. "कॉस्मेटिक? मी काय लिपस्टिक मागून राहिली का त्यांच्याजवळ?" मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

अपील करा, असं डॉक्टरांच्या ऑफिसने सुचवलं. पण त्याआधी कित्येक महिने घट्ट दाबाचे मोजे घालून बघायचे, ते करूनही फरक पडला नाही तरच पुढचा विचार. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा, आणि मांडीपर्यंतचे ते जाड मोजे. ते चढवायला रबरी हातमोजे लागायचे. मुग्धा तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती आईच्या पायाशी बसून मोजा ओढायला मदत करायची. दोघी घामाघूम व्हायच्या. शैलाने एक दिवसही चुकवलं नाही. विद्यार्थिनींकडून जी शिस्त तिने अपेक्षिली, तीच स्वतःला लावली.

आणि मग, अपील केल्यावर, कंपनीच्या नर्सचा तो फोन. तिथेच होतो आम्ही सगळे, जेवायला बसलेलो. शैलाने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई गोड आवाजात विचारत होती, घरकाम जमतं का, चालता येतं का, मुलीचं करता येतं का. शैला ताठ बसली. परक्या माणसापुढे रडगाणं गायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. "येस, आय डू एव्हरीथिंग," ती म्हणाली. मिलिंद हातवारे करत होता. मुग्धा कुजबुजली, "आई, जस्ट टेल देम इट हर्ट्स!" शैलाने मान हलवली आणि अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "इट हर्ट्स. बट आय मॅनेज." झालं. दैनंदिन व्यवहारात अडथळा नाही, म्हणून पुन्हा नकार.

"मग तू आई-बाबांकडे जाऊन नागपूरलाच का करून घेत नाहीस?" मी विचारलं होतं. तर त्यालाही कुलूप. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली, ग्रीन कार्डची फाइल कुठेतरी अडकलेली. बाहेर पडलं की परतीचा शिक्का मिळेपर्यंत तिकडेच, आणि तो कधी मिळेल ते कुणी सांगायला तयार नाही. मुग्धाला सोडून तिला जायचं नव्हतं. "तिकडे डॉक्टर आहे, पण जाता येत नाही. इकडे मी आहे, तर डॉक्टरला हात लावता येत नाही. मजाच आहे बापा," ती म्हणाली. त्यात मिलिंदच्या ऑफिसने नव्या वर्षात इन्शुरन्स कंपनीच बदलली. नव्या कंपनीचे नियम नवे. मोजे पुन्हा पहिल्या महिन्यापासून.

अखेर परवानगी आली, ती एकाच पायाची. उजव्या पायाच्या तपासणीत दोष त्यांच्या मापात बसला, डाव्याचा थोडक्यात हुकला. शैलाने सगळ्यांना फोन करून सांगितलं, "माझा एक पाय मेडिकल आहे आणि एक कॉस्मेटिक!" उजवा पाय बरा झाल्यावर ती माझ्याबरोबर कालव्याकाठच्या वाटेवर फिरायला यायला लागली. हलकं वाटतंय, म्हणायची. आणि थोड्या वेळाने डावा पाय ओढायला लागला की एखाद्या बाकावर बसायची.

त्याच सुमारास मिलिंदला बेलव्ह्यूहून, पार पश्चिम किनाऱ्यावरून, चांगली नोकरी चालून आली. तो नाही म्हणाला. नव्या नोकरीत नवा इन्शुरन्स, म्हणजे डाव्या पायाचं सगळं परत मुळापासून, आणि ग्रीन कार्डचंही काय होईल कोण जाणे. मी त्यांना एवढं भांडताना कधीच पाहिलं नव्हतं. "माझ्या पायाला स्वतःला बांधून घेऊ नकोस तू!" शैला ओरडली. मिलिंद शांतपणे म्हणाला, "मग कुणाच्या पायाला बांधून घेऊ?" ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

डाव्या पायाची दुसरी तपासणी ठरली होती. त्याआधीच्या आठवड्यात पोटरी जास्त दुखतेय, सुजलीय असं ती म्हणाली होती, पण दुखणं आणि सूज तिला रोजचीच होती. त्यात वेगळं काही असेल असं तिलाही वाटलं नाही. वेळेवर लेझर झालं असतं तर ती वाचली असती का, असं मिलिंदने डॉक्टरांना विचारलं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, तसं ठामपणे सांगता येणार नाही. म्हणजे रागवायलासुद्धा धड कुणी नाही. फोनवरची ती नर्स तिचं काम करत होती, कंपनी तिच्या नियमांनी चालत होती, आणि शैला खरं बोलली होती.

आता मिलिंदला कुठेही जाता येईल. बेलव्ह्यूहून पुन्हा विचारणा झालीय, पण तो अजून उत्तर देत नाही. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर तो पोळ्या करत होता. ओट्यापाशी नाही, जेवणाच्या टेबलावर. ओट्याशी उभं राहवत नाही म्हणून शैलाने विजेचा तवा तिथे आणून ठेवला होता, आणि एक ठेंगणं स्टूल समोर घेऊन, त्यावर पाय लांब करून, ती सगळा स्वयंपाक बसून करायची. मिलिंदही तसाच बसला होता. पाय स्टुलावर, मांडीवर पिठाचे डाग, पोळीचा आकार कसाही.

मुग्धा ताटं मांडत होती. ती थांबून म्हणाली, "बाबा, यू कॅन स्टँड, यू नो."

त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "हो गं," म्हणाला, आणि पाय तसेच ठेवून त्याने पुढचा उंडा घेतला.