मागची खुर्ची

त्यांना सगळे मागच्या बाई म्हणत. चाळीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून गुडघे गेले, तेव्हा त्या वर्गाच्या मागे जाऊन बसल्या, आणि तीच नोकरी झाली. शाळाशाळांतून हिंडायचं, मुख्याध्यापकांना शेजारी बसवून तास बघायचा, आणि शिक्षकांना सुधारायचं तर आधी ऐकायचं कसं, ते मुख्याध्यापकांना शिकवायचं. मोठ्या सरांना शिकवणं सोपं का असतं? पण बाईंची जीभ गोड.

वर्ग जिवंत आहे की नाही, हे त्या मुलांच्या वह्यांतल्या खाडाखोडीवरून ओळखायच्या.

या शाळेत गेल्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं, "सर, प्रत्येक वर्गात मागे एक रिकामी खुर्ची ठेवा. ज्याचा तास मोकळा असेल त्यानं दुसऱ्याचा वर्ग बघावा."

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. शाळा भरलेली, आणि आवाज नाही. बाईंना कसंसंच झालं.

गणिताच्या वर्गात खुर्ची होती. उंच, हातांची, चारी पाय फरशीला बोल्टनं आवळलेले. वर मोठ्या सरांची शिक्षकांच्या चुका टिपायची काळी डायरी.

"हे काय, सर?"

"मी नसलो तरी डायरी असते!" मोठे सर खुशीत. "तुमचीच युक्ती. सगळे कसे सुतासारखे सरळ झालेत."

"आणि बाकीचे शिक्षक बसतात?"

"छे! कुणाची छाती आहे?"

बाईंनी एक वही उघडली. मग दुसरी, तिसरी. एकही खाडाखोड नाही. हे विष आपल्याच हातानं पेरलेलं.

व्हरांड्यात गणिताच्या बाईंनी गाठलं. "ताई, राजीनामा पर्समध्ये आहे, आज देणार. माझी नजर त्या खुर्चीवर, पोरांची माझ्यावर. ती पहिल्या बाकावरची वेणीवाली पोरगी माझी चूक काढायची, 'बाई, झोपलात का?' म्हणायची. आता शिंकतेसुद्धा विचारून."

"एक तास थांब गं."

मागच्या बाईंनी मोठ्या सरांच्या हातात खडू दिला. "आज तुम्ही शिकवा. गणिताच्या बाई खुर्चीत बसतील."

"मी?"

"पोहायला शिकवणाऱ्यानं पाण्यात उतरायला नको?"

गणिताच्या बाई बसल्या. डायरी मांडीवर घेऊन त्यांनी उघडली, तशी सरांची मान घामानं चमकली. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच.

वेणीवालीचे ओठ उघडले. तिनं मागे खुर्चीकडे बघितलं. ओठ मिटले. चाळीस पेन्सिली एकदम चालू लागल्या.

"बरोबर ना?"

"हो, सर!" चाळीस गळे, एकच सूर.

मागच्या बाईंनी वेणीवालीची वही सरांपुढे धरली: तेच दोन छेद पाच, खाडाखोड नाही. सर बघत राहिले. गणित त्यांना येत होतं; पाच छेद सहा हवं होतं. चेहरा उतरत गेला.

"कुणी बोललं कसं नाही?"

"डायरीला विचारा, सर."

सरांनी स्वतःच शिपाईकाकांना पाना आणायला सांगितलं. खुर्ची गेली. फरशीत चार भोकं राहिली.

"वेणीवाली बोलली, तर राजीनामा फाडीन," गणिताच्या बाई मागच्या बाईंच्या कानात म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. "मुलांनो, इथं चूक आहे. कुठं?"

एकही हात वर गेला नाही. वेणीवालीची मान सावकाश मागे वळली. मग सगळ्यांच्या वळल्या, भोकांकडे.

गणिताच्या बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली.